एका सहीचा तर प्रश्न होता!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर आलेला लेख वाचला. पहिल्याप्रथम आभार, कारण या राजाची आठवण सातारकरांनाही वर्षातून एखाद्या वेळीच येते. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. पण शेवटी लेखक म्हणतात की, महाराज स्वतःच्याच अहंकाराचे बळी ठरले, एका सहीचा तर प्रश्न होता, ती केली असती तर राज्य वाचले असते. त्या वाक्यापाशी माझा चहा गार झाला. म्हणून हे पत्र. लांबले तर कापा, पण सहीबद्दलचा भाग कापू नका.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. छत्तीस वर्षे कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला दस्तलेखक आहे, आता निवृत्त. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, संमतिपत्र, प्रतिज्ञापत्र. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, शेवटी मुलाने आणून दिलेल्या कॉम्प्युटरवर. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही, आणि त्यातले किती वेळा खरे होते हेही मला चांगले ठाऊक आहे. माणूस सही करताना कसा दिसतो आणि करायची नसते तेव्हा कसा दिसतो, एवढ्या एका विषयात मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे असे समजतो.

आधी तो कागद काय होता ते सांगतो, कारण लेखात त्याला नुसता ‘माफीनामा’ म्हटले आहे.

१८१९च्या तहाने इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. त्या तहाच्या पाचव्या कलमात अट होती की, राजाने बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी परस्पर संबंध ठेवायचा नाही. १८३६मध्ये महाराजांवर आळ आला की त्यांनी कंपनीच्या २३व्या पलटणीतल्या दोन सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न केला. पुढे त्यात गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप आला, आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी कट केल्याचाही. हे आप्पासाहेब त्या वेळी जोधपूरच्या आश्रयाने दिवस काढत होते, त्यांच्यापाशी ना फौज होती ना पैसा. असा माणूस आणि सातारचा राजा मिळून कंपनी सरकार उलथवणार होते म्हणे.

सुभेदारांच्या आरोपाची निदान चौकशी तरी झाली. विलोबी, ओव्हान्स आणि रेसिडेंट (म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) लॉडविक असे तिघे इंग्रज अधिकारी साताऱ्यात बसले, महाराज त्यांच्यापुढे गेले. पण गोवा आणि नागपूर या आरोपांचे कागद महाराजांना कधी दाखवलेच नाहीत. साक्षी बंद दाराआड घेतल्या. दिवाण गोविंदरावांना धरून नगरला नेऊन ठेवले. मग गोविंदरावांच्या आईच्या नावाचा एक अर्ज मुंबई सरकारकडे पोचला, त्यात महाराजांविरुद्ध मजकूर. तो अर्ज त्या माउलीने दिलेलाच नव्हता. लिहिणारा दुसराच कोणी निघाला. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते कौटुंबिक वर्तमानपत्रात लिहिता येत नाही.

एवढे सगळे झाल्यावर ऑगस्ट १८३९मध्ये मुंबईचे नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यात आले. महाराजांच्या आणि त्यांच्या भेटी झाल्या. कार्नाकसाहेबांची भाषा गोड होती. झाले गेले विसरू, गादी तुमचीच राहील, फक्त एवढ्यावर सही करा. अटी पाहिल्या तर पचण्यासारख्या होत्या. तह नीट पाळायचा, भावाचे म्हणजे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेबांचे (नागपूरचे आप्पासाहेब वेगळे) प्रकरण मिटवायचे, बळवंतराव चिटणीसांना कारभारातून दूर करायचे, अशा. काही कडू होत्या पण राजकारणात असे घोट घ्यावे लागतात. अडचण अटींत नव्हती. अडचण त्यांच्या वर लिहिलेल्या मजकुरात होती. महाराजांनी वाईट सल्लागारांच्या नादी लागून तह मोडला आणि कंपनी सरकारविरुद्ध कारस्थान केले, अशा अर्थाची ती ओळ होती. अटींना सही म्हणजे त्या ओळीलाही सही.

तह पाळायला महाराज कधीच नाही म्हणत नव्हते. तह मी मोडला असे लिहून द्यायला ते तयार नव्हते. हा फरक ज्याला दिसत नाही त्याला दस्ताचा मसुदा कधी करायला देऊ नये.

इथे मला एक बाई आठवतात. गाव, नाव सांगत नाही. मेढ्याकडच्या. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन भाऊ त्यांना घेऊन हक्कसोडपत्र करायला आले होते. वडिलांची जमीन भावांच्या नावे सोडायची. बाई तयार होत्या, डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर आठी नाही. घरून कापडी पिशवीत भाकरी बांधून आणलेली, म्हणजे दिवसभराचे काम समजूनच आल्या होत्या. मी भावाने सांगितल्याप्रमाणे मसुदा टाइप केला. बाईंना चौथीपर्यंत शाळा झालेली, अक्षर लावून वाचायच्या. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट थांबले. तिथे होते, ‘माझ्या हिश्श्यापोटी मला दोन लाख रुपये रोख मिळाले, ते भरून पावले.’

“हे कवा मिळालं मला?”

थोरला भाऊ म्हणाला, “आक्का, असं लिहायची पद्धत असती. कागद पक्का व्हतो.”

“जमीन घे. समदी घे. मी मागत न्हाई. पर पैसं घेतलं असं लिवू नगं.”

त्यांनी समजावले, धाकट्याची बायको बोलली, आणि शेवटी मीही बोललो. काय बोललो ते लिहायला आज संकोच वाटतो. मी म्हणालो, “बाई, एका सहीचा तर प्रश्न आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. म्हणाल्या, “तुमच्यासाठी एका सहीचा. उद्या माझी पोरं इचारतील, आये, दोन लाख कुटं घातलंस, तवा त्यास्नी काय सांगू?” पिशवी उचलली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. भाकरी तशीच.

तीन आठवड्यांनी परत आल्या. ती ओळ काढली, ‘विनामोबदला, प्रेमापोटी’ असे घातले, आणि बाईंनी क्षणात सही करून सगळी जमीन भावांना देऊन टाकली. तिला गर्विष्ठ म्हणाल का? जमीन सोडली, पण जे घडले नाही ते घडले असे लिहून दिले नाही. महाराजांनी गादी सोडली ती याच हिशेबाने.

आता लेखकांचा मुख्य मुद्दा, की सही केली असती तर राज्य वाचले असते. यावर तर्क लढवायची गरजच नाही, कारण ज्याने सगळे मान्य केले त्याचे काय झाले हे साताऱ्याच्या इतिहासात लिहिलेले आहे. ५ सप्टेंबर १८३९ला पहाटे वाड्याला वेढा पडला, ओव्हान्स आत गेला आणि महाराजांना पालखीत घालून निंबला नेले. १८ नोव्हेंबरला त्यांचे भाऊ शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले. माणूस वाईट नव्हता. वेण्णा आणि कृष्णेवर त्यांनी पूल बांधले, इंग्रजांशी कधी वाकडे वागले नाहीत, जे सांगितले ते केले. ५ एप्रिल १८४८ला ते वारले. जाण्यापूर्वी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा या निर्णयाला विरोध होता, तरीही. म्हणजे सही न करणाऱ्याचे राज्य १८३९ला गेले आणि सगळे ऐकणाऱ्याचे नऊ वर्षांनी. नऊ वर्षे हा सहीचा भाव. लेखकांना तो स्वस्त वाटत असेल तर हरकत नाही, पण ‘राज्य वाचले असते’ असे मात्र लिहू नये.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल, आणि पत्राखाली नाव छापू नका म्हणतोय ते याचसाठी. दस्तलेखक होण्यापूर्वी मी एका पतसंस्थेत कारकून होतो. १९८४ साल. एका संध्याकाळी रोकड सतराशे चाळीस रुपयांनी कमी आली. मी त्या दिवशी काउंटरवर फक्त दुपारपर्यंत होतो, नंतर तिथे कोण बसले होते हे सगळ्यांना माहीत होते आणि तो कोणाचा भाचा होता हेही. मला केबिनमध्ये बोलावले, चहा दिला. एक कागद पुढे केला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे रक्कम कमी आली असून ती मी भरून देत आहे. पुन्हा असे होणार नाही.’ म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे, फाइलला लावायला. नवीन लग्न झालेले, भाड्याची खोली, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन तोंडावर. मी सही केली. पेन त्यांचेच होते, शाई हिरवी. हिरवी शाई साहेब लोक वापरतात, म्हणून ती सही मला माझी वाटलीच नाही, हे मला अजून आठवते.

दोन वर्षांनी दुसऱ्याच कुठल्या हिशेबात घोळ झाला. माझा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण फाइलमधून तो कागद निघाला. ‘यांनी पूर्वीही कबुली दिलेली आहे.’ संपले. महिन्याभरात मी घरी.

सांगायचे ते एवढेच की, असा कागद त्या दिवसापुरता नसतो. तो कपाटात बसून वाट बघतो. महाराजांनी सही केली असती तर ती ओळ मुंबईच्या दप्तरात राहिली असती, आणि पुढे जेव्हा हवी तेव्हा बाहेर आली असती. ‘यांनी १८३९मध्ये कबूल केले आहे की तह मोडला.’ गादी तर गेलीच असती, वर तोंडही उरले नसते. मी सही करून दोन वर्षे नोकरी वाचवली. त्या दोन वर्षांबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही, बायकोशीसुद्धा.

याचा अर्थ महाराजांचे काही चुकलेच नाही असे मी म्हणत नाही. लेखकांनी त्यांना शोकांतिकेचा नायक म्हटले आहे ते मला पटते, फक्त त्यांचा दोष लेखकांनी भलत्या ठिकाणी दाखवला आहे. मला विचाराल तर महाराजांचा घात गर्वाने नाही, कागदावरच्या विश्वासाने केला. जहागीरदारांवर हक्क कोणाचा या वादात कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांनी निकाल महाराजांच्या बाजूने दिला होता, तो मुंबई सरकारने दाबून ठेवला. १८३५मध्ये त्याच डायरेक्टरांनी उत्तम राज्यकारभाराबद्दल कौतुकाचे पत्र आणि एक तलवार महाराजांसाठी पाठवली. ती तलवार मुंबईपर्यंत आली, साताऱ्यापर्यंत आली नाही. सातारा-मुंबई हे अंतर त्या तलवारीला लंडन-मुंबईपेक्षा लांब पडले. यातून महाराजांनी अर्थ काढला तो असा, की मुंबई खोटी पण लंडन खरे. आपले म्हणणे तिथे पोचले की न्याय होईल. मी आयुष्यभर अशी माणसे पाहिली. तलाठ्याने फसवले तर कलेक्टर ऐकेल, कलेक्टरने नाही तर मंत्रालय. वरचा साहेब चांगलाच असतो ही आपली जुनी श्रद्धा. या श्रद्धेपायी महाराजांनी तलवार उपसली नाही, वाड्याबाहेर एक गोळी झाडू दिली नाही, नुसते नाही म्हणाले आणि पालखीत बसले. सेहेचाळीस वर्षांचे होते. काशीच्या वाटेवर त्यांचे सेनापती बाळासाहेब भोसले वारले. स्वतः महाराज १४ ऑक्टोबर १८४७ला काशीतच गेले. साताऱ्याचे तोंड पुन्हा पाहिले नाही.

आणि लंडनला महाराजांचे वकील रंगो बापूजी. कारी गावचे. परळी खोऱ्यातून उठून हा माणूस लंडनला जाऊन बसला तो चौदा वर्षे, धन्याची बाजू मांडत. धनी वारला तरी बसून. गंमत अशी की तिथे महाराजांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत तो लॉडविकही होता, जो १८३६च्या चौकशीत बसला होता. महाबळेश्वरला आपण ज्याच्या नावाच्या पॉइंटवर फोटो काढतो तोच. माणूस उशिरा का होईना बोलला. पण कंपनीने निकाल फिरवला नाही. १८५३ला रंगो बापूजी परतले. अर्ज करून करून ज्याची हाडे झिजली त्याने मग अर्जांचा नाद सोडला. १८५७च्या साताऱ्याच्या उठावामागे तेच होते. उठाव फुटला, ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारले. पाच फाशी, सहा गोळ्या घालून, सहा तोफेच्या तोंडी. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती शेवटपर्यंत लागले नाहीत.

चार भिंतींच्या टेकडीवर संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा तिथे या सगळ्यांचे स्मारक आहे. पोरे सेल्फी काढतात, काढू देत. खाली राजवाडा दिसतो. महाराजांनी १८२४मध्ये बांधलेला. त्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. शाळेला आज नाव आहे प्रतापसिंह हायस्कूल. त्या रजिस्टरातली ‘भिवा’ ही सही मी छायाचित्रात पाहिली आहे, आणि खरे सांगतो, एक धंदेवाईक माणूस म्हणून मी ती किती तरी वेळ बघत बसलो. पण ते वेगळेच प्रकरण, इथे नको.

आपल्या लेखकांना एक विनंती. पुढच्या वेळी महाराजांवर लिहाल तेव्हा ‘माफीनामा’ हा शब्द वापरू नये. माफी चूक करणारा मागतो. त्या कागदाला आमच्याकडे ‘कबुलायत’ म्हणतात, आणि ती अपुरी राहिली कारण लिहून देणाराची सही नाही.

दुसरे, लेखासोबतच्या चित्राखाली ‘महाराजांना राजवाड्यातून थेट काशीला नेले’ असे छापले आहे. थेट नाही. आधी निंबला, म्हणजे आपल्या बारा मोटांच्या विहिरीच्या गावाला. तिथून पुढे काशी. निंबचे लोक हे वाचून रागावतील, तेव्हा दुरुस्ती छापावी.

माझे नाव छापू नये. पण पत्राखाली सही केली आहे, ती आपल्या दप्तरी राहू द्या. निळ्या शाईने केली आहे.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक,
सातारा